मलपृष्ठावर मी

"आता बरं दिसतंय, की आता?"

दिवसभर माझ्या तोंडी हे एकच वाक्य असतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, नंबर काढते. दुकानाच्या मागच्या बाजूला कपाटाएवढी एक अंधारी खोली आहे. तिथे गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवायची, भिंगं बदलत राहायची आणि विचारत राहायचं... आता बरं, की आता?

त्या दिवशी खुर्चीत एक बाई होत्या. पांढरे आखूड केस, मांडीवर पुस्तकांनी फुगलेली झोळी, आणि आवाज असा, की भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरंसुद्धा सावरून बसावीत. जुना चष्मा बसमध्ये विसरून आल्या होत्या. मी एक भिंग काढलं, दुसरं घातलं.

"आता?"

तक्ता माझ्या पाठीमागे होता, पण बाई तक्त्याकडे बघतच नव्हत्या. टक लावून माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही पोटमाळा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, नंबर पार चुकला. "बाई, इथे पोटमाळा नाहीये. वर नुसता पंखा आहे."

त्यांनी झोळीत हात घातला आणि एक बारीकसं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मी दिवा लावला. मुखपृष्ठावर एक खिडकी, खाली कवीचं नाव - पोटमाळा. आता असं नाव कोणी घेतं का? मी पुस्तक उलटलं.

मलपृष्ठावर मी होते. केस कपाळावर आलेले, डोळे बारीक झालेले, खळखळून हसणारी मी. माझ्याच ओढणीसकट. आणि फोटोखाली ठळक अक्षरांत छापलेलं - 'असं फक्त स्त्रीच लिहू शकते.'

"ते वाक्य माझं," बाई अभिमानाने म्हणाल्या. "दुसऱ्या आवृत्तीला घेतलंय. मी समीक्षक, शहरातले सगळे कवी मला टरकून असतात, पण तुमच्यापुढे मी हात टेकले. प्रकाशक म्हणतात, तुम्ही कोणाला भेटत नाही. आता सापडलात. येत्या नाही, पुढच्या शनिवारी लेखक-संघाच्या सभागृहात तुमचं काव्यवाचन. अध्यक्ष मी. नाही म्हणायचं नाही."

मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की बाई, मी उभ्या जन्मात कविता केलेली नाही, शाळेत पाठ करायची म्हटली तरी पोटात दुखायचं. पण त्यांनी बोलू दिलं तर शपथ. बाई नव्या चष्म्याचे पैसे देऊन, माझा हात दाबून, पुस्तक तिथेच ठेवून निघून गेल्यासुद्धा.

मालक गल्ल्यावरून मान वळवून बघत होते. "पोरी, तू कविता करतेस?" मग जरा थांबून, "दुकानाच्या वेळात?"

घरी तर कहरच. आईने चष्मा लावून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मध्येच थांबून माझ्याकडे बघायची, परत वाचायची. मी भाजी चिरत होते, पण सगळं लक्ष तिच्याकडे.

"हे तू लिहिलंस?"

"नाही गं आई."

"मग फोटो तुझा कसा?"

"तेच तर कळत नाहीये."

"यातली बाई रोज संध्याकाळी घरी येऊन आरशाशी बोलते. घरात मी असताना तू आरशाशी का बोलतेस?"

"आई, मी नाही लिहिलेलं."

"बरं," ती म्हणाली. पण तिचा विश्वास बसला नव्हता. पुस्तक तिने परत दिलं नाही, उशीशी ठेवलं. तिचा डोळा लागल्यावर मी ते हळूच काढून घेतलं, म्हटलं बघू तरी आपण काय लिहिलंय.

स्टेशनातल्या तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या एका बाईच्या कविता होत्या त्या. दिवसभर माणसं येतात, जातात, कोणी तिच्याकडे बघत नाही. एक कविता अशी होती -

खिडकीशी येणारे सगळे
माझ्या खांद्यावरून
मागचं घड्याळ बघतात.
एकाने तरी कधी विचारावं,
तुझे किती वाजले?

मी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि मग मला रडूच आलं. कसं काय, देव जाणे. मी काही तिकिटं देत नाही. पण जिने कोणी हे लिहिलं होतं ती माझी सख्खी बहीण असावी असं वाटलं. आणि अशा बाईच्या पुस्तकावर माझं थोबाड... लाज वाटली. उद्याच्या उद्या हा घोळ निस्तरायचा, असं ठरवूनच आडवी झाले.

प्रकाशकांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. जिन्यापासूनच शाईचा आणि खळीचा वास. आत पुस्तकांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि त्यामागे कुठेतरी गोल चेहऱ्याचे प्रकाशक. मला बघून ते उठले, गठ्ठा पाडला आणि दोन्ही हात जोडले.

"या, या, पोटमाळाताई. अहो, किती वाट बघायला लावलीत."

"मी ताईही नाही आणि पोटमाळाही नाही," मी पुस्तक टेबलावर आपटलं. "माझा फोटो तुमच्याकडे आला कुठून?"

"पोस्टाने. तुम्हीच धाडलात. कविताही पोस्टाने, फोटोही पोस्टाने." ते लाडिक हसले. "कवी मंडळी अशीच, स्वतःला नाकारतात."

खिडकीशी एक किडकिडीत तरुण प्रुफं तपासत बसला होता. जाड चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मी शिरल्यापासून त्याने मान वर केली नव्हती. आता त्याच्या हातून लाल पेन पडलं, गडगडत माझ्या चपलेपाशी आलं. तो उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला.

"मास्तर, काय झालं?" प्रकाशकांनी विचारलं.

"काही नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. त्याचे कान मात्र पेनापेक्षा लाल झाले होते.

प्रकाशक ऐकूनच घेईनात. बाईंच्या फोनवरून कार्यक्रमाच्या पत्रिका रातोरात छापून झाल्या होत्या, हार सांगून झाला होता. मी चिडून, पाय आपटत जिना उतरले. खाली दारात आले तर भुरभुर पाऊस सुरू झालेला.

"थांबा... एक मिनिट."

मागून तो प्रुफं तपासणारा धावत आला, छत्री नाही, काही नाही. माझ्या पुढ्यात पावसात उभा राहिला. चष्म्यावर थेंबच थेंब.

"मीच तो."

"कोण तो?"

"पोटमाळा."

आधी मला हसू आलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. "तुम्ही? पण ती बाई... त्या कविता तर बाईच्या आहेत."

"बाईच्या आवाजातल्या आहेत. लिहिल्यात मी. घरात भावंडं फार, लिहायला जागा नव्हती, म्हणून पोटमाळ्यावर बसून लिहायचो. तेच नाव घेतलं. इथे कोणाला माहीत नाही. माहीत झालं असतं तर मालकांनी माझ्या कविता वाचल्याच नसत्या, मला पुढचं प्रूफ दिलं असतं."

"आणि माझा फोटो?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. ओल्या शर्टाला. मला ते बघवेना, धंद्याची सवय. मी चष्मा त्याच्या हातातून घेतला, पर्समधलं फडकं काढलं आणि काचा पुसायला लागले. तो उघड्या डोळ्यांनी माझ्या दिशेला बघत होता, आणि त्याला काही दिसत नव्हतं हे मला कळत होतं. तरी बघत होता.

"कविता स्वीकारल्यावर म्हटलं, आता खरं सांगून टाकू, म्हणून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत माझा फोटो काढला होता," तो म्हणाला. "पाकिटं बदलली."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानाच्या ओळखपत्रासाठी मी तिथेच फोटो काढला होता. काम झाल्यावर स्टुडिओवाल्याने काहीतरी विनोद करून हसवलं आणि एक जास्तीचा टिपला. माझ्या पाकिटात कुणा चष्मेवाल्या पुरुषाचा फोटो आला होता. मी तो धड न बघताच परत केला होता.

"मग पुस्तक आल्यावर बोलायचं ना."

"बोलणार होतो. तेवढ्यात त्या समीक्षक बाईंनी लिहिलं, असं फक्त स्त्रीच लिहू शकते. सगळीकडे तेच. आता मी पुढे आलो तर म्हणतील, फसवलं. पुस्तक मागे घेतील. नोकरी जाईल ती वेगळी. फक्त एक संध्याकाळ. तुम्ही वाचाल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. याला म्हणायचं होतं, तुझी भानगड तू निस्तर. पण कालची ती कविता छातीत अडकून बसली होती. ते पुस्तक माझ्यामुळे बुडावं... नाही, मला नाही सहन झालं.

"वाचीन," मी चष्मा त्याच्या नाकावर चढवत म्हटलं. "पण मला कविता वाचता येत नाही. शिकवावी लागेल."

त्याला मी दिसले. पहिल्यांदाच नीट दिसल्यासारखा तो दचकला.

दुपारी दुकान बंद असतं. मालक घरी जेवून झोप काढतात, मी शटर अर्धं ओढून डबा खाते. त्या वेळात तो यायला लागला. मी काउंटरमागे उभी, तो पुढ्यात, आणि भिंतीभर टांगलेल्या रिकाम्या फ्रेमा आमच्याकडे बघत.

"हे तुमचे श्रोते," तो फ्रेमांकडे हात करून म्हणाला. "यांच्याकडे बघून वाचा. माझ्याकडे नाही."

"यांना डोळे कुठायत?"

"सभागृहातल्यांनाही कमीच असतात. हं, चला."

मी वाचायला लागले की तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच बोट वर करायचा. "थांबा. इथे एक ओळ रिकामी सोडलीय."

"रिकाम्या ओळीत काय वाचू?"

"श्वास घ्यायचा."

"तो मी एरवीपण घेते."

"मग इथे तो ऐकू येऊ द्या," तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं तर हा खुशाल डोळे मिटून बसलेला. पुढच्या रिकाम्या ओळीला माझा श्वास सगळ्या दुकानाला ऐकू गेला असेल.

तसा तो बोलायला कमी. पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, माझ्या डब्यातलं आधी नको म्हणायचा आणि मग संपवायचा. मी 'पाऊस थांबला' म्हटलं तर खिडकीतून बघून, खात्री करून 'हो' म्हणायचा. मला त्याची वाट बघायची सवय लागली. सकाळपासून गिऱ्हाइकांना 'आता बरं, की आता?' विचारताना डोळे घड्याळाकडे. आईने विचारलं, हल्ली तू केस दोनदा का विंचरतेस? मी म्हटलं, कवयित्री आहे ना मी.

आणि एक काटा सलत होताच. एवढं आतलं, बाईच्या मनातलं, याला कोणी सांगितलं?

"ती कोण?" मी एक दिवस विचारूनच टाकलं.

"कोण?"

"तिकिटाच्या खिडकीतली."

त्याने कपाचा कान चाचपला. "खरी ती तिकिटं देत नाही."

"म्हणजे खरी आहे."

"आहे."

"तिला माहीत आहे, तुम्ही तिच्यावर लिहिलंत?"

"नाही."

"दिसायला कशी आहे?"

"मी तिला जास्त करून अंधारातच बघितलंय. त्यामुळे..."

"अंधारात?"

"म्हणजे, दिवा बंद असताना."

मी पुस्तक मिटलं. फाडकन. हा दिसतो गरीब गाय, आणि अंधारात भेटतो म्हणे. वर तोंड करून मलाच सांगतो. "आजचं पुरे," मी म्हटलं. "मालक येतील."

"अजून वेळ आहे."

"पुरे म्हटलं ना."

तो गेला. मी अख्खी दुपार फ्रेमा पुसत बसले, एकीची दांडी मोडली. मला त्या बाईचा असा राग आला होता की काय सांगू, आणि तिच्याच कविता मला शनिवारी सभागृहात वाचायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो आला तो डोळे बारीक करून. कागद नाकाला लावून वाचत होता.

"नंबर वाढलाय तुमचा," मी तुटकपणे म्हटलं. "बसा आत."

"नको, राहू दे..."

"बसा."

अंधाऱ्या खोलीत मी त्याच्या नाकावर फ्रेम बसवली, एक डोळा झाकला. कामाला कधी कुणाचा राग लागू देत नाही मी. एक भिंग, दुसरं भिंग. नंबर काही वाढलेला नव्हता. दोन्ही डोळे उणे साडेतीन, डाव्यात चिमूटभर सिलिंड्रिकल, म्हणजे तिरपा नंबर, तोही जरा वेगळ्याच कोनात. माझा हात थांबला.

"हा नंबर माझ्या ओळखीचा आहे."

त्याने नाकावरची फ्रेम सावरली.

"तुम्ही आधी आला होतात इथे."

"दरवर्षी येतो."

"मला चेहरे लक्षात राहत नाहीत हो. नंबर राहतात."

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं मागे. इथेच."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. अंधारात तो आवाज फार जवळून येत होता. मी सवयीने विचारलं, "आता बरं, की आता?"

"आता," तो म्हणाला.

मी अजून भिंग बदललंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं समोर मांडलेलं असून हिला कळलं कसं नाही? नाही कळलं. माझ्या डोक्यात ती दुसरी ठाण मांडून बसली होती, तिच्यापुढे मला काही दिसत नव्हतं. मी दिवा लावला, 'चष्मा तोच ठेवा' म्हटलं आणि बाहेर आले.

शनिवारी सभागृह गच्च. शहरातले सगळे लिहिणारे आले होते, एकमेकांना नमस्कार करत, एकमेकांच्या पाठीमागे कुजबुजत. मी विंगेत उभी. मास्तर तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. आई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, शेजारणीला मलपृष्ठ दाखवत होती. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

प्रकाशक हाताला हार अडकवून माझ्याशेजारी उभे होते, खुशीत. "ताई, पुस्तक देखणं झालंय की नाही? एक चूक काढून दाखवा. आमच्या मास्तरांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही."

"हो का," मी म्हटलं. माझं लक्षच नव्हतं.

"मजकूर सोडाच. कव्हरचं शेवटचं प्रूफसुद्धा तेच बघतात. तुमचा फोटो त्यांनीच पास केला. मी म्हटलं जरा लहान करू, तर पहिल्यांदा माझ्याशी वाद घातला पठ्ठ्याने. म्हणे, एवढाच हवा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाकिटं बदलली म्हणाला होता. आणि कव्हर? कव्हर याच्याच हातून गेलं होतं. याने बघितलं होतं. माझा चेहरा समोर ठेवून, बघून, लाल पेनाने 'बरोबर' लिहिलं होतं.

तेवढ्यात माझं नाव, म्हणजे त्याचं नाव, पुकारलं गेलं. टाळ्या. मी मंचावर कशी पोचले मला आठवत नाही. समीक्षक बाई अध्यक्षांच्या खुर्चीतून, नव्या चष्म्यातून, कौतुकाने बघत होत्या. समोरचे दिवे मालवले गेले. माझ्यापुढे नुसता अंधार, अंधारात माणसं, आणि सगळे गप्प.

मी वाचायला लागले.

"खिडकीशी येणारे सगळे माझ्या खांद्यावरून..."

आणि मला माझाच आवाज ऐकू आला. आत्ताचा नव्हे, जुना. त्या कपाटाएवढ्या खोलीतला. फ्रेम बसवता बसवता, समोरचा माणूस कोण आहे हे बघायचीही तसदी न घेता मी बोलत होते - सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघतात हो, तक्ता माझ्या पाठीमागे ना. दिवसभर एवढे डोळे बघते मी, पण माझ्याकडे बघणारा एक नाही. घरी जाऊन आरशाशी बोलते, म्हटलं तू तरी बघ. हं, आता बरं, की आता?

अंधारात मी बोलते. गिऱ्हाईक गप्प बसलं की मला बोलावंसं वाटतं. कोणाला काय सांगितलं, मला कुठे आठवतं.

ती दुसरी कोणी नव्हतीच. इतके दिवस मी माझ्यावरच जळत होते.

मी थांबले होते. रिकामी ओळ नव्हती तरी थांबले होते. सभागृहाला वाटलं, कवयित्री भावनावश झाली, कोणीतरी हळूच 'वा' म्हणालं. मला आनंद झाला, अगदी खरं सांगते, खूप झाला. आणि त्याच्यापाठोपाठ असा संताप आला, की माइक हातात घट्ट आवळला गेला.

"दिवे लावा," मी म्हटलं.

कुजबुज झाली. दिवे लागले.

"या कविता मी लिहिलेल्या नाहीत. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. समीक्षक बाईंचाही मीच काढलाय." बाईंनी चष्म्याला हात लावला. "फोटो माझा आहे. यातलं बोलणंही बरंचसं माझंच आहे, मी अंधारात बोललेलं. ते ज्याने ऐकलं, त्याने त्यातून कविता केल्या. मला तेवढं जमलं नसतं. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. पण त्याने माझं बोलणं घेतलं, माझा चेहरा घेतला, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. त्याने उभं राहून सांगावं, की का."

सगळ्या माना वळल्या. प्रकाशकांच्या हातातला हार घसरून खाली आला. मास्तर उठला. पांढराफटक पडला होता, खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"पाकिटं खरंच बदलली होती," तो म्हणाला. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, पण कोणी हललं नाही. "माझ्या पाकिटातून त्या निघाल्या, हसणाऱ्या. मी त्यांना कधी उजेडात हसताना बघितलं नव्हतं. फोटो परत द्यायला हवा होता. पण... वाटलं, कविता जिच्या तोंडून ऐकल्या, तिचाच चेहरा तिथे असावा. विचारायला हवं होतं. दरवर्षी विचारायचं ठरवून खुर्चीत बसायचो, आणि त्यांना मी आठवायचो नाही. चूक माझी आहे. शिक्षा मान्य आहे."

इतकी शांतता, की आई शेजारणीला 'बघा, मी म्हटलं नव्हतं, हिने नाही लिहिलेलं' म्हणाली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

समीक्षक बाई सावकाश उठल्या. 'असं फक्त स्त्रीच लिहू शकते' ही ओळ त्यांच्या नावानिशी घराघरात गेली होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे मी निम्मी तरी बरोबर होते," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "वाचा हो मास्तर. आता आलोच आहोत तर ऐकून जाऊ."

त्याने वाचल्या. वाईट वाचल्या, श्वास ऐकूच येत नव्हता. टाळ्या मात्र पडल्या. प्रकाशक त्याला म्हणताना मी ऐकलं, "सोमवारी ऑफिसात या. बोलायचंय." त्याने विचारलं, काढताय मला? तर ते म्हणाले, "काढतो कसला. तिसऱ्या आवृत्तीचं प्रूफ कोण बघणार?"

मी थांबले नाही. पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. बाहेर परत भुरभुर लागली होती, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. मागे पावलं वाजली. ओळखली मी. चेहरे राहत नाहीत, पण ही राहिली होती.

"रागावलात?" तो म्हणाला.

"खूप."

"फोटो काढून टाकतो. पुढच्या आवृत्तीत खिडकी टाकू मागेही."

"मी असं म्हटलं?"

तो गोंधळला. चष्म्यावर थेंब जमत होते, पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "मग काय करू?"

"विचार."

"काय विचारू?"

"इतकी वर्षं जे विचारायला येऊन बसत होतास ते." मी कधी तुम्हीवरून तूवर आले, माझं मलाच कळलं नाही. त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले.

"मला... तुमच्याशी... तुझ्याशी..." एवढंच झालं आणि गाडी अडली. शब्दांचा माणूस म्हणे.

मी हात वर करून त्याचा चष्मा काढला, फडक्याने काचा पुसल्या. पण नाकावर चढवला नाही, मुठीतच ठेवला. "असं विचारणं सोपं जाईल. मी दिसतेय?"

"नाही. नुसता धूसर ठिपका."

मी एक पाऊल पुढे झाले. "आता?"

"नाही."

आणखी एक. त्याच्या शर्टाला शाईचा वास होता. "आता?"

"अजून नाही."

आता मी त्याच्यापासून वीतभर लांब होते. उणे साडेतीनच्या माणसाला वीतभरावरचं अगदी लख्ख दिसतं, पापणीचा केस न् केस. ही गोष्ट या शहरात माझ्याइतकी कोणाला ठाऊक नसेल. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांवर स्थिर होते, खांद्यावरून पलीकडे कुठेही बघत नव्हते.

"आता?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "काहीच दिसत नाहीये."

खोटारडा. मी आणखी पुढे झाले.